साक्षरतेचा वेग खरंच कोसळला का?

परळ-लालबागच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक आलेख फिरतोय. दावा असा: 1991 ते 2001 मध्ये देशाची साक्षरता 12.62 अंकांनी (म्हणजे टक्केवारीतल्या थेट फरकाने) वाढली, पुढच्या दशकात फक्त 8.16 अंकांनी, म्हणजे शिक्षणाचं काम ठप्प झालं, आणि उरलेले 27 टक्के निरक्षर हे आजच्या शाळांचं अपयश.

आकडे जनगणनेचेच आहेत: 1991 ला 52.21 टक्के, 2001 ला 64.83, 2011 ला 72.99. पण आलेखाचा उभा अक्ष शून्याऐवजी 6 पासून सुरू केलाय. म्हणून दुसऱ्या दशकाच्या वाढीचा खांब पहिल्याच्या एक तृतीयांश दिसतो. प्रत्यक्षात तो जवळपास दोन तृतीयांश हवा.

खरी गफलत पुढे आहे. साक्षरता शंभराच्या वर जात नाही, त्यामुळे जसजसं वर जाल तसतशी वाढायला जागाच कमी उरते. आपला मुंबई उपनगर जिल्हा घ्या. 2011 मध्ये तिथली साक्षरता 89.91 टक्के. तिथे पुन्हा 12 अंकांची वाढ कुठून आणणार? म्हणून प्रश्न असा विचारायला हवा: जे निरक्षर होते, त्यांचं प्रमाण किती घटलं? 1991 ला ते 47.79 टक्के होतं, 2001 ला 35.17, म्हणजे 26 टक्क्यांनी घट. 2011 ला 27.01, म्हणजे 23 टक्क्यांनी घट. वेग थोडा मंदावला, हे मान्य. पण 1951 ते 61 मध्ये हीच घट 12 टक्के होती आणि 1981 ते 91 मध्ये 15. ‘ठप्प’ म्हणवलेलं दशक या हिशेबाने दुसऱ्या क्रमांकावर येतं! त्यातही स्त्रियांची साक्षरता जवळपास 11 अंकांनी वाढली, पुरुषांची साडेपाचने. हे त्या आलेखात कुठेच नाही, याचा मला राग येतो.

‘1971 ते 81 मध्ये 9 अंक वाढले होते’ हेही खाली लिहिलंय. 1971 पर्यंत मोजणी 5 वर्षांवरच्यांची होती, 1981 चा 43.57 हा आकडा 7 वर्षांवरच्यांचा आहे. जुन्याच व्याख्येने तो 41.42 येतो आणि वाढ सातवर उतरते.

राहिला शाळांवरचा आरोप. त्या 27 टक्क्यांत 1930-40 च्या दशकांत जन्मलेल्या, शाळेची पायरीही चढू न दिलेल्या आज्याही आहेत. शाळांचा हिशेब मागायचाच असेल, तर 10 ते 14 वयोगटाचा तक्ता उघडा.