पर्यायी रूळ आधी, खड्डा नंतर

"मेट्रो हवी असेल तर थोडा त्रास सोसायलाच हवा." टोरांटोतल्या आमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर मेट्रोच्या कामासाठी बंद केलेल्या क्वीन स्ट्रीटचा आणि तिथल्या ट्रामचा विषय निघाला की हे वाक्य कुणीतरी टाकतंच. त्याच्याखाली चार अंगठे उमटतात आणि मंडळी गणपतीच्या वर्गणीकडे वळतात. मला काही मेट्रोचं वावडं नाही. होऊ दे की. पण जो त्रास टाळता येत होता तोही लोकांनी का सोसायचा, एवढंच मला विचारायचंय. व्हॉट्सॲपवर ते मावत नाही, म्हणून इथे लिहितोय. पोस्ट लांबणार आहे.

भारतातल्या मित्रमंडळींसाठी आधी थोडं सांगतो. क्वीन हा इथल्या मध्यवस्तीतून पूर्व-पश्चिम जाणारा जुना रस्ता. त्यावरून ५०१ नंबरची ट्राम धावते, इथे तिला स्ट्रीटकार म्हणतात. पूर्वेला नेव्हिल पार्क, पश्चिमेला लाँग ब्रांच, असा तिचा मूळ मार्ग चोवीस-पंचवीस किलोमीटरचा. रात्री ती ३०१ होते, म्हणजे चोवीस तास गाडी. मुंबईने ३१ मार्च १९६४ ला आपली शेवटची ट्राम काढून टाकली. टोरांटोसुद्धा काढणारच होतं, पण १९७२ मध्ये नागरिकांनी जोर लावला आणि ट्राम वाचली. त्यामुळे ही गाडी म्हणजे पर्यटकांना दाखवायचं खेळणं नाही. पार्कडेलमधले तिबेटी लोक, सेंट मायकल्स हॉस्पिटलच्या पाळ्या करणारे, रात्री ऑफिसं झाडून घरी जाणाऱ्या बायका, असा सगळा वर्ग तिच्यावर जगतो.

आता मेट्रो. २०१९ मध्ये ऑन्टारिओ प्रांताचे प्रीमियर (म्हणजे मुख्यमंत्री) डग फोर्ड यांनी ऑन्टारिओ लाइन ही नवी मेट्रो जाहीर केली. १५.६ किलोमीटर, १५ स्थानकं, खर्च १०.९ अब्ज डॉलर, २०२७ ला तयार. आज तोच खर्च अडीचपटीच्या आसपास गेलाय आणि साल २०३१ झालंय. ते सोडा, आकडे फुगणं आता कुणाला नवीन नाही. तिचं एक स्थानक क्वीन आणि यंग या रस्त्यांच्या चौकात, जुन्या क्वीन स्टेशनच्याही खाली होणार आहे. त्यासाठी १ मे २०२३ ला बे स्ट्रीटपासून व्हिक्टोरिया स्ट्रीटपर्यंत क्वीन वाहनांसाठी बंद झाला. साधारण साडेचार वर्षांसाठी, असं तेव्हा सांगितलं होतं. बंद केलेला भाग चालत पाच मिनिटांचा. पण रूळ मध्येच उखडले की अख्खा मार्ग दुभंगतो.

(जाता जाता: क्वीन स्टेशनच्या पोटात एक अर्धवट स्थानक कित्येक वर्षं पडून आहे. १९४६ च्या सार्वमतात लोकांनी यंगची सबवे (म्हणजे भुयारी रेल्वे) आणि क्वीनखालून ट्रामचा बोगदा, दोन्हींना कौल दिला. यंगची सबवे १९५४ मध्ये सुरू झाली, आणि क्वीनच्या बोगद्याचा नुसता सांगाडा उरला. म्हणजे या चौकाखाली गाडी नेण्याचा विचार पाऊणशे वर्षं चाललाय. एवढ्या अवधीत बाजूच्या रस्त्यावर दोन रूळ टाकून ठेवायला कुणाची हरकत होती?)

तर ते दोन रूळ, म्हणजेच खरा मुद्दा. क्वीनच्या दक्षिणेला लगेच दोन एकदिशा रस्ते आहेत. रिचमंड पश्चिमेकडे जातो, ॲडलेड पूर्वेकडे. योजना सरळ होती. पूर्वेकडे जाणारी ट्राम यॉर्कवर वळेल, ॲडलेडने पुढे जाईल आणि चर्च स्ट्रीटवरून परत क्वीनला लागेल. पश्चिमेकडची चर्च, रिचमंड, यॉर्क करून येईल. दोन चौकांचा वळसा, प्रवाशाला फारसं चालायला नको. रिचमंडवर रूळ होते. ॲडलेडवरचे जुने रूळ मात्र वर्षानुवर्षं वापरात नव्हते, ते नव्याने टाकायला हवे होते. हे काम मेट्रोलिंक्सकडे, म्हणजे प्रांताच्या वाहतूक संस्थेकडे होतं.

आणि १ मे उजाडला तेव्हा ते रूळ तयार नव्हते.

मग काय, ट्राम गेली डंडासवरून. डंडास म्हणजे क्वीनच्या उत्तरेला, सबवेचं एक स्टेशन पलीकडे. ब्रॉडव्ह्यूला वर चढायचं, डंडासने जायचं, मॅकॉलवरून खाली यायचं. मधल्या क्वीनवाल्यांसाठी बदली बस. आठवड्या-दोन आठवड्यांची सोय म्हणून हे चाललं असतं. पण महिन्यांमागून महिने गेले आणि तात्पुरती सोय हीच सेवा होऊन बसली.

त्या काळात मैत्रिणीचे वडील इथे आले होते. गिरगावातले, मुंबईची ट्राम डोळ्यांनी पाहिलेले. त्यांना हौसेने ५०१ मध्ये बसवलं. गाडी ब्रॉडव्ह्यूला वळली तशी डब्यात कुजबुज सुरू झाली. वॉकर घेऊन बसलेल्या एका आजींनी ड्रायव्हरला विचारलं, हॉस्पिटलला जाते ना? तो बिचारा म्हणाला, डंडासवरून जाते, तिथून खाली चालत जा किंवा इथेच उतरून बस घ्या. बाहेर फुटपाथवर बर्फाचा चिखल. आजी उतरल्या. दोघांनी वॉकर उचलून खाली ठेवला, रॅम्प काढायचंही कुणाला सुचलं नाही.

काका मला म्हणाले, "अरे, आमच्या ट्रामला दोन्हीकडे तोंड होतं. शेवटच्या स्टॉपला दांडा फिरवला की गाडी उलटी चालू. इथे खड्ड्यापर्यंत येऊन मागे का फिरत नाहीत?"

काकांचा प्रश्न अगदी नेमका होता. टोरांटोच्या ट्रामला एकच तोंड आणि दारं फक्त उजव्या अंगाला. तीस मीटर लांब गाडी. ती उलटी फिरू शकत नाही, तिला वळसा घालून यायला रुळांचं वर्तुळ लागतं. शिवाय इथल्या रुळांची रुंदी जगावेगळी, १४९५ मिलिमीटर. प्रत्येक चौकात, ज्या दिशेने वळायचं त्याच दिशेचा वळणाचा रूळ आणि सांधा आधीपासून जमिनीत असावा लागतो. चालकाच्या मनात आलं म्हणून ट्राम डावीकडे जात नाही. बस बंद रस्ता टाळून कुठूनही जाते, ट्रामला मात्र पर्यायी रस्ता आधी बांधावाच लागतो. तो बांधला नाही तर दुसरी वाट एकतर मैलभर लांब, नाहीतर नाहीच. ट्राम चालवणाऱ्या शहरात हे रहस्य नाही, पहिला धडा आहे.

मग उशीर का झाला? रूळ टाकणं म्हणजे दोन पट्ट्या आणून ठेवणं नव्हे, हे मला मान्य आहे. इथली पद्धत अशी की आधी रस्ता खोल उकरायचा, काँक्रीटचा थर, त्यावर पोलादी स्लीपर, रुळांना रबराचं वेष्टण, जोड सगळे वेल्डिंगचे, मग वर पुन्हा काँक्रीट. डोक्यावर वीजतारेचे खांब. आणि उकरायला घेतलं की खालून शतकभराचं सामान निघतं. पाण्याचे नळ, गॅस, विजेच्या केबल, टेलिफोनचे डक्ट, जुन्या ट्रामचे लाकडी स्लीपर. प्रत्येक गोष्टीचा मालक वेगळा, त्याचा माणूस वेगळा, त्याच्या तारखा वेगळ्या.

पण हे सगळं खरं असूनही सबब म्हणून चालत नाही. कारण प्रांताने २०२० मध्ये याच कामांसाठी खास कायदा केला. त्यात जमीन घ्यायचे, शहराचे रस्ते वापरायचे आणि युटिलिटी कंपन्यांकडून नळ-तारा हलवून घ्यायचे अधिकार स्वतःकडे घेतले. विरोध करणाऱ्यांना तेव्हा सांगितलं की कामं वेगाने व्हायची तर हे हवंच. वेग कुठे दिसला तेही पाहा. फेब्रुवारी २०२३ मध्ये याच मेट्रोच्या कामासाठी ऑस्गूड हॉल या जुन्या कोर्टाच्या आवारातली जुनी झाडं तोडायची होती. वकिलांची संस्था कोर्टात गेली, तात्पुरती स्थगिती मिळाली. ती उठली आणि लगोलग करवती चालल्या. झाडं पाडायची इतकी तातडी, आणि तिथून हाकेच्या अंतरावर रूळ टाकायचे तर घोडं पेंड खातंय!

माझ्या मते कारण इंजिनिअरिंगचं नाही, मालकीचं आहे. मेट्रो प्रांत बांधतो. ट्राम टीटीसी, म्हणजे शहराची वाहतूक संस्था, चालवते. रस्ता शहराचा. पर्यायी रूळ टाकायचे प्रांताने, त्यावर गाडी चालवायची टीटीसीने, सिग्नल बदलायचे शहराने. मेट्रोच्या उद्घाटनाची फीत कापायला प्रीमियर येतील, पण ॲडलेडवरच्या वळणाची फीत कोण कापणार? ज्या कामाचा फोटो निघत नाही त्याचा कुणी वाली नसतो. त्यात १ मे ला टोरांटोत निवडून आलेला महापौरही नव्हता. जॉन टोरी फेब्रुवारीत राजीनामा देऊन गेले होते आणि ऑलिव्हिया चाओ यांची निवड २६ जूनला व्हायची होती. महापौर असता तरी फार फरक पडला असता असं नाही. पण प्रांताच्या दारात उभं राहून "रूळ कुठे आहेत?" असं ओरडायला कुणीतरी हवं होतं.

यावर येणारा सगळ्यात वजनदार आक्षेप मला माहीत आहे. रुळांसाठी थांबलो असतो तर मेट्रो आणखी लांबली असती, आणि एवढ्या मोठ्या कामाचा एकेक महिना फार महाग पडतो. बरोबर. पण हिशोब करायचा तर पूर्ण करा ना. बदली बस, त्यांचे चालक, डंडासवर वाढलेली गर्दी, दुकानांचा बुडालेला धंदा, आणि ५०१ चा नाद सोडून गाडी घेतलेली माणसं, हा खर्च कुणाच्या वहीत लिहिलाय? तो प्रकल्पाच्या वहीत नाही म्हणून उशीर स्वस्त वाटतो. आणि मुळात थांबायची वेळच का यावी? स्थानक कुठे होणार हे २०१९ पासून माहीत होतं. चार वर्षं होती. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली, एवढाच त्याचा अर्थ.

रूळ झाले की प्रश्न मिटतो, हाही गोड गैरसमज आहे. आता काही लोक म्हणतील, ॲडलेड-रिचमंडच्या वळशावरून गाडी धावते, मग रडता कशाला? एकदा गर्दीच्या वेळी चर्च आणि क्वीनच्या चौकात उभे राहून बघा. तीस मीटरची गाडी वळण घ्यायला येते. सांध्यावरून ताशी दहा किलोमीटरच्या पुढे जायचं नाही असा नियम. सिग्नल हिरवा होतो, पण पुढे चौकातच मोटारी अडकून पडलेल्या. सिग्नल लाल. पुन्हा हिरवा. कधी सांधा आपोआप बदलत नाही, मग चालक पट्टा सोडून, हातमोजे चढवून, लोखंडी सळई घेऊन खाली उतरतो. फटीतला बर्फ खरवडतो, सळई खुपसून सांध्याची हलती जीभ पलीकडे ढकलतो, परत चढतो. तोपर्यंत सिग्नल परत लाल. मागे आणखी दोन ट्राम येऊन लागलेल्या, त्यातले शहाणे प्रवासी केव्हाच उतरून चालू पडलेले. ट्राम वळणार तर तिथे ट्रामला आधी सोडणारा सिग्नल हवा, मोटारींना वळायला बंदी हवी, गर्दीच्या वेळी माणूस उभा हवा. या गोष्टींना काँक्रीट लागत नाही, खणावं लागत नाही. तरीसुद्धा त्या शेवटी येतात, आल्या तर.

पुण्या-मुंबईच्या मित्रांना हे वाचून हसू येत असेल. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला, २०२४ मध्ये एक बाजू उघडली तर शेजारच्या बर्फीवाला पुलाशी त्याची उंचीच जुळेना. "तुमच्याकडे कॅनडात पण असंच?" असं भाऊ फोनवर विचारतो, आणि त्याच्या आवाजात सहानुभूतीपेक्षा समाधान जास्त असतं. हो रे बाबा, असंच. फक्त इथे माफीचे फलक दोन भाषांत आणि छान छापलेले असतात.

शेवटचं, आणि हे इथे राहणाऱ्यांसाठी. एग्लिंटन या इथल्या दुसऱ्या रस्त्यावरची रेल्वे लाइन २०११ मध्ये खणायला घेतली, २०२० ला धावणार होती आणि २०२५ संपलं तरी बंदच होती. तेव्हा क्वीनचं काम ठरल्या वेळेत संपेल यावर मी पैज लावणार नाही. ऑन्टारिओ लाइनवर अजून बरेच चौक खणले जाणार आहेत. तुमचा नगरसेवक किंवा प्रांताचा आमदार जनसंवादाला येतो तेव्हा पार्किंगचं बोलून झालं की दोन गोष्टी विचारा. पुढचा रस्ता बंद करण्याआधी पर्यायी मार्गावरून रिकामी गाडी चालवून बघितल्याचा दाखला लागेल, अशी अट करारात आहे का? आणि तो मार्ग वेळेत झाला नाही, तर बदली बसचा खर्च कंत्राटदार देणार, प्रांत देणार, की पुन्हा तिकिटाच्या पैशातून आपणच? उत्तर लेखी मागा. मिळालं तर इथे कमेंटमध्ये टाका, मी पिन करून ठेवतो.