मथळा माझा चुकला, पण मुद्दा तिसऱ्या गोळीचा होता

वॉर्फरिन (रक्त पातळ ठेवायची गोळी) आणि टॅम्सुलोसिन (प्रोस्टेट वाढल्यावर लघवी मोकळी व्हायची गोळी) सोबत घेण्यावर मी लिहिलं होतं, त्याखालची तुमची कमेंट दोनदा वाचली. "माझे वडील चार वर्षं वॉर्फरिन आणि टॅम्सुलोसिन सोबतच घेतायत, काही झालं नाही, लघवीत कधीमधी थोडं लाल दिसतं तेवढंच, तुम्ही उगाच म्हाताऱ्या माणसांना घाबरवताय." आधी कबूल करून टाकतो, मथळ्यात "जीवघेणी जोडी" लिहायची काही गरज नव्हती, आजच बदलतो.

आणि तुमचं बरंचसं खरंही आहे. या दोन गोळ्यांचं आपापसात मोठं वैर आहे असं काही ठामपणे सिद्ध झालेलं नाही, टॅम्सुलोसिनच्या माहितीपत्रकात वॉर्फरिनसोबत जपून द्या इतकंच म्हटलंय. फिनास्टराइड या प्रोस्टेटच्याच दुसऱ्या गोळीचं तर उलटंच, प्रोस्टेटमधून रक्त जात असेल तर ते कमी करायला ती गोळी मुद्दाम देतात.

मला म्हणायचं होतं ते रात्री दोन वाजताच्या बाथरूमबद्दल. टॅम्सुलोसिन प्रोस्टेटचे स्नायू सैल करते तशा काहींच्या रक्तवाहिन्याही सैल करते, मग माणूस झोपेतून ताडकन उठला की बीपी एकदम खाली. आमच्या बाबांचं तेच झालं, गोळी सुरू होऊन तिसरी का चौथी रात्र, लाईट न लावता उठले, गरगरलं आणि कपाळ थेट दाराच्या चौकटीवर. टेंगूळ सुपारीएवढं, आणि हे म्हणतात झोपा रे सगळे, काही नाही झालं. एरवी बर्फ लावून भागलं असतं, पण रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असताना डोक्याच्या आत हळूहळू रक्त साकळू शकतं, म्हणून तसंच उचलून सीटी स्कॅनला नेलं. नॉर्मल आला. आता पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसतात, पाय हलवतात, आम्हाला चार शब्द सुनावतात आणि मग उठतात.

दुसरी गोष्ट तिसऱ्या गोळीची, जी कुणी मोजतच नाही. प्रोस्टेटवाल्यांना लघवीचं इन्फेक्शन होतच असतं, त्यावर सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा को-ट्रायमॉक्साझोल दिलं की वॉर्फरिनवाल्यांचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा) काही दिवसांतच वर जाऊ शकतो, २ ते ३ मध्ये असायला हवा तो पार ५-६ वर. तिथे चार वर्षांचा अनुभव कामाला येत नाही, अँटिबायोटिक सुरू झालं की आयएनआर लवकर तपासायचा, बस. प्रोस्टेटसाठी घेतात त्या सॉ पाल्मेटो या वनस्पतीच्या कॅप्सूलनेही रक्तस्राव वाढू शकतो, "हर्बल आहे हो" म्हणून डॉक्टरांना कुणी सांगतच नाही.

आता ते "थोडं लाल". ते वॉर्फरिनमुळेच असं धरून बसू नका. गोळीमुळे रक्त जास्त जाऊ शकतं, पण ते येतंय कुठून हे बघावंच लागतं, कधी स्टोन निघतो, कधी मूत्राशयातली गाठ. आणि घाबरून वॉर्फरिन स्वतःच्या मनाने बंद करू नका, गुठळी होऊन स्ट्रोक यायचा. वडिलांनी हे डॉक्टरांना सांगितलंय का?