घर शेलूला, पोट परळला

परवा लालबागहून काकांचा फोन. "शेलूचं घर घेऊ का रे? नाही म्हटलं तर हक्कच जाईल, असं म्हणत होते." 1982च्या संपात त्यांची गिरणी सुटली ती कायमची. घरासाठी गिरणी कामगार आणि वारसांचे मिळून पावणेदोन लाखांच्या आसपास अर्ज, आणि सरकार बोट दाखवतंय मुंबईबाहेर, कर्जत लाइनवरच्या शेलू-वांगणीकडे. जुलै 2025मध्ये आझाद मैदानात कामगार जमले ते यावरूनच: घर द्या, पण मुंबईत.

मी राहतो प्रेस्टनला, इंग्लंडच्या लँकेशायरमध्ये. हेही एक गिरणगावच, भोंगा केव्हाच बंद झालेला. 2011मध्ये इथला सत्तर कोटी पौंडांचा मॉलचा बेत फसला. मग नगरपालिकेने नव्या शेटजीची वाट पाहणं सोडलं आणि कॉलेज, पोलीस, गृहनिर्माण संस्था यांना एकच विचारलं: जेवण, छपाई, बांधकाम तुम्ही घेता कुणाकडून? मोठ्या कंत्राटांचे तुकडे पाडले, म्हणजे गावातल्या छोट्या धंद्यालाही टेंडर भरता यावं. या संस्थांचा गावातला खर्च 2012-13मध्ये 3.8 कोटी पौंड होता, तो 2016-17मध्ये 11 कोटींच्या पुढे गेला.

आता खरं बोलायचं तर मॉल फसल्यावर इथल्या जमिनीवर कुणाचा डोळा उरला नव्हता. आपल्याकडे सोनं होतं, तिथेच घात झाला. 1991च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होते: पालिका, म्हाडा, मालक. 2001मध्ये नियम बदलून वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली, आणि 2006मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केलं. जमिनीचं भांडण तिथेच जवळपास हरलो.

पण परळमध्ये मोठी रुग्णालयं आहेत: केईएम आहे, टाटा आहे, वाडिया आहे. त्यांना रोज जेवण लागतं, चादरी लागतात, गाऊन लागतात. आणि गिरणगावच्या बायकांना हे काम शिकवायला नको. खाणावळवाल्या बायकांनी 1975मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र येऊन बँकेचं कर्ज मिळवलं होतं, तेही सावकाराच्या नाकावर टिच्चून. केईएमसारखी पालिकेची रुग्णालयं तर पालिकेच्याच हातात. टेंडरचे तुकडे पाडायला कुणाची परवानगी हवी?

म्हणून मुंबईतल्या घराचा आग्रह मला निव्वळ आठवणींचा हट्ट वाटत नाही. कर्जत लाइनला राहून परळचं काम कोण घेणार?

हे सगळं काकांना ऐकवलं. मागून काकू म्हणाल्या, "डबे आजही देईन. पण शेलूहून पहिली गाडी कितीला असते, ते विचार त्याला."