जर्मनांची शिस्त आणि २५ सेंट

प्लॅस्टिकबंदीचा विषय निघाला की आमच्या फॅमिली ग्रुपवर एक वाक्य हमखास येतं: "आपल्या लोकांना शिस्तच नाही, तुमच्याकडे बघा!" तुमच्याकडे म्हणजे जर्मनीत. मी इथे राहते, त्यामुळे या शिस्तीचं प्रमाणपत्र माझ्याकडून हवं असतं. ते मी देत नाही.

जर्मनीत नुसत्या वेष्टनांचाच कचरा माणशी वर्षाला २०० किलोंच्या वर जातो. युरोपात हा देश त्या बाबतीत वरच्या रांगेत आहे. उन्हाळ्यातल्या रविवारी संध्याकाळी बागेत चक्कर मारा, कचऱ्याच्या टोपल्या पिझ्झाच्या खोक्यांनी ओसंडलेल्या असतात. बाटली मात्र सहसा दिसत नाही, कारण एकदाच वापरायच्या बाटलीवर २००३ पासून २५ सेंट अनामत आहे. दुकानातल्या यंत्राच्या तोंडात बाटली आडवी सरकवायची. यंत्र ती गोल फिरवून खूण वाचतं, आत ओढून चेपतं आणि शेवटी पावती देतं. तेवढे पैसे बिलातून वजा होतात. अशा ९५ टक्क्यांहून जास्त बाटल्या परत येतात. ज्याला कंटाळा येतो तो बाटली टोपलीशेजारी उभी करून ठेवतो आणि कुणीतरी ती वेचून नेतं. वेचणाऱ्यांत पेन्शन न पुरणारे म्हातारेही असतात. हे मात्र आपल्याकडच्या फॉरवर्डमध्ये कधी येत नाही.

महाराष्ट्राच्या २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीच्या अधिसूचनेतही बाटलीवर एक-दोन रुपये अनामत घ्यायची तरतूद होती. ती कागदावरच राहिली. लोकांच्या लक्षात राहिला तो पहिल्या गुन्ह्याचा ५,००० रुपये दंड, आणि त्याची धास्तीही हातगाडीवाल्यालाच जास्त. लग्नाच्या हॉलमध्ये २०० मिलीच्या बाटल्यांच्या रांगा तशाच लागतात, आणि जेवणं उठली की त्यातल्या निम्म्या अर्धवट भरलेल्या.

जर्मनीतली खरी उचलण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. अनेक नगरपालिका भांड्यांची गाडी भाड्याने देतात. छोटा ट्रेलर, आत पाणी तापवणारं जोरकस डिशवॉशर आणि क्रेटमध्ये रचलेल्या शेकडो ताटल्या, कप, काटे-चमचे. अग्निशमन दलाची जत्रा असो की शाळेचा मेळावा, गाडी आणून उभी करतात, वीज-पाणी जोडतात आणि आळीपाळीने माणसं उभी राहतात. आमच्या भागातल्या जत्रेत क्रेट आत ढकलायला शाळेतली पोरं आणि त्यांचे बाप होते. ताटली काही मिनिटांत पुन्हा टेबलावर.

आता यात आपल्याला नवीन काय? देवस्थानाची, तालमीची, महिला मंडळाची नाव कोरलेली भांडी कार्याला न्यायची, मोजून आणायची आणि मोजून परत करायची, ही रीत आपलीच. ती का मोडली याची चर्चा मात्र होत नाही. कारण ती ढीगभर भांडी मागच्या अंगणात बायका घासत होत्या. थर्माकोलची ताटं आली तेव्हा सगळ्यात आधी सुटका त्यांची झाली. "पूर्वी कसं छान होतं" म्हणणाऱ्या काकांनी त्या राखेत कधी हात घातला होता का? म्हणून अशी सामायिक भांड्यांची बँक काढायची तर आधी धुणार कोण, हे ठरवा. यंत्र घ्या, धुणाऱ्याला नीट मजुरी द्या. मंडळांच्या फ्लेक्सच्या खर्चातून काही तरी निघेल.

शाळांतल्या पर्यावरण दिनाबद्दलही माझं हेच म्हणणं आहे. घोषवाक्य स्पर्धा पुरे. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था आहे. तिच्या ताई दारोदारचा कचरा घेतात आणि हाताने निवडतात. मुलांना एक सकाळ त्यांच्यासोबत वर्गीकरणाच्या जागी बसवा. कोणत्या बाटलीला भंगारवाला पैसे देतो आणि चिप्सच्या चकचकीत पाकिटाला तो हात का लावत नाही, हे त्या कुठल्याही धड्यापेक्षा चांगलं सांगतील. त्या शिकवण्याचं मानधन त्यांना द्यायचं, हेही ओघाने आलंच.

हॉलवाले म्हणतील, स्टीलचे पेले चोरीला जातात. इथेही जातात. म्हणून नाताळच्या बाजारात मगावर अनामत घेतात. तो घरी नेलात तर पैसे गेले. लग्नात पाहुण्यांकडून अनामत मागता येणार नाही, हे मान्य. पण केटररकडून मागायला काहीच हरकत नाही.