निकाल राखून ठेवला आहे

रात्री दीड वाजता मॅच बघणाऱ्या माणसाला घरात ओरडायची मुभा नसते. गोल झाला तर उशी तोंडात, पेनल्टी हुकली तर कपाळावर हात, आणि काहीही झालं तरी आवाज पंख्याच्या घरघरीच्या वर जाता कामा नये, असा आमच्याकडचा कायदा आहे. चॅम्पियन्स लीग हिवाळ्यात आपल्याकडे दीडला सुरू होते, उन्हाळ्यात साडेबाराला. त्यामुळे तोंड दाबून जल्लोष करण्यात मी चांगलाच तयार झालोय. पण हल्ली तेवढंही सुख उरलेलं नाही. गोल होतो, मी उशीकडे हात नेतो, आणि रेफरी कानाला बोट लावून उभा राहतो. लंडनच्या पश्चिमेला स्टॉकली पार्क नावाची ऑफिसांची वसाहत आहे. मॅच इंग्लंडातली असेल तर तिथे पडद्यासमोर बसलेली व्हीएआरची, म्हणजे व्हिडिओ बघून रेफरीचा निर्णय तपासणारी, मंडळी सांगणार, मी आनंदित व्हायचं की नाही.

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर तालमींच्या मॅचला गोलवरून वाद झाला की अख्खी गॅलरी निकाल देते. दोन बाजूंच्या गॅलऱ्यांचा निकाल वेगवेगळा असतो ही गोष्ट खरी, पण तो तिथल्या तिथे लागतो. इंग्लंडात 1 मार्च 2025 ला एफए कपमध्ये बोर्नमथ आणि वुल्व्हजची मॅच होती. बोर्नमथचा गोल झाला. हाताला लागला का, ऑफसाइड होता का, म्हणजे पास येताना खेळाडू बचाव करणाऱ्यांच्या पुढे होता का, हे बघायला जवळजवळ आठ मिनिटं गेली. ऑफसाइड झटपट कळावा म्हणून नवीन अर्धस्वयंचलित यंत्रणा त्याच फेरीपासून बसवली होती. गोलसमोर माणसांची गर्दी इतकी झाली की यंत्रणेने हात टेकले आणि शेवटी माणसांनीच बसून रेघा मारल्या. गोल रद्द. आठ मिनिटांत मी चहा टाकला, उकळला, गाळला, प्यायलो आणि कप विसळून ठेवला. ही पहिली वेळ होती की मॅच चालू असताना मी स्वयंपाकघरात काम केलं, आणि बायकोने व्हीएआरचं कौतुक केलं.

एवढं तपासूनही बरोबर येतं म्हणावं, तर तसंही नाही. मी लिव्हरपूलवाला. सप्टेंबर 2023 मध्ये टॉटनहॅमच्या मैदानावर आमच्या लुईस डियाझने गोल मारला, झेंडा वर गेला. रीप्लेत आंधळ्यालाही दिसावं की तो ऑफसाइड नव्हता. व्हीएआरच्या खोलीतही तेच दिसलं. पण तिथल्या गृहस्थांचा समज असा की मैदानावर गोल दिलेलाच आहे. त्यांनी सांगितलं, तपासणी पूर्ण, निर्णय बरोबर. खेळ सुरू झाला, मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, पण एकदा खेळ सुरू झाला की मागे फिरायचं नाही असा नियम! आम्ही हरलो, 2-1. मग रेफऱ्यांच्या संस्थेने ‘मोठी मानवी चूक’ झाल्याचं जाहीर केलं आणि त्या खोलीतलं रेकॉर्डिंगही ऐकवलं. चुकलो म्हणून सांगायला यांना सगळं वेळेत जमतं.

कोव्हेंट्रीचं तर मला आजही वाईट वाटतं. एप्रिल 2024, वेम्बली, एफए कपची उपांत्य फेरी. खालच्या डिव्हिजनची टीम मँचेस्टर युनायटेडपुढे 3-0 ने मागे पडून 3-3 वर आली, आणि जादा वेळेच्याही जादा वेळेत, 121 व्या मिनिटाला, टॉर्पने चौथा गोल घातला. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडली. मग रेघ आली. त्यांच्याच हाजी राइटच्या पायाचा अंगठा पुढे होता, ऑफसाइड. संपलं. पेनल्टीवर युनायटेड जिंकली. युनायटेडच्या नशिबाने माझ्यासारख्या लिव्हरपूलवाल्याला कोव्हेंट्रीसाठी हळहळायला लावलं, यावरून काय ते समजा.

लोक निषेध करत नाहीत असं नाही. वुल्व्हजने 2024 मध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये ठराव मांडला की व्हीएआर बंद करा. मतदान झालं, 19 विरुद्ध 1. ते एक मत त्यांचंच. नॉर्वेत मात्र त्याच वर्षी रोझेनबोर्गच्या मैदानात प्रेक्षकांनी व्हीएआरच्या निषेधार्थ टेनिस बॉल आणि फिशकेक, म्हणजे माशाच्या वड्या, फेकल्या. इतक्या फेकल्या की मॅच सोडून द्यावी लागली. चांगली तळलेली वडी रेफरीला मारण्यात वाया घालवायची, ही कल्पना मला पटत नाही. पण भावना पोचल्या.

मला खरी आठवण राहिली ती 13 मार्च 2025 च्या पहाटेची. आदल्याच रात्री लिव्हरपूल पॅरिसकडून पेनल्टीवर हरून बाहेर पडलं होतं. त्यामुळे दुसऱ्याचं दुःख बघावं म्हणून ॲटलेटिको आणि रिअल माद्रिदची मॅच लावली. तीही पेनल्टीवर गेली. घड्याळात चार वाजत आलेले. ॲटलेटिकोच्या हूलियन अल्वारेझने बॉल मारताना त्याचा डावा पाय घसरला, तरी बॉल जाळीत. मी उशीला धन्यवाद देतो न देतो तोच गोल रद्द! घसरलेल्या पायाचा बॉलला आधी निसटता स्पर्श झाला, म्हणजे एकाच माणसाने दोनदा टोला मारला. रिअल 4-2 ने जिंकली. तो रीप्ले मी डोळे फाडफाडून पाहिला, टीव्हीला नाक टेकवून पाहिला. मला तर बॉल हललेला दिसेना. ॲटलेटिकोचा कोच सिमिओने यानेही पत्रकारांना विचारलं, तुमच्यापैकी कुणी दोनदा स्पर्श झालेला पाहिला असेल त्यांनी हात वर करा. जूनमध्ये नियम करणाऱ्यांनी खुलासा केला: असं चुकून झालं आणि गोल झाला, तर पेनल्टी पुन्हा घ्यायची. अल्वारेझने त्या खुलाशाचं लोणचं घालायचं का?

सुदैवाने त्याच दिवशी संध्याकाळी होळी होती. पहाटेपासून दाबून ठेवलेली बोंब मी चौकात, होळीभोवती, शास्त्राला धरून मारली. शेजारचे काका म्हणाले, “यंदा दम आहे हां!”

मैदानावरचं परवडलं, पण मैदानाबाहेरच्या भानगडी समजायला मला मेव्हणा लागतो. तो सीए आहे. फुटबॉल त्याला या जन्मात कळला नसता, पण एका रविवारी जेवताना मी चेल्सीचा विषय काढला. खर्चाची मर्यादा पाळायला त्यांनी आपली दोन हॉटेलं विकली, 7 कोटी 65 लाख पौंडांना.

“कुणाला विकली?” मेव्हणा.

“आपल्याच दुसऱ्या कंपनीला.”

पांढऱ्या रश्श्याची वाटी तोंडाशी नेलेली त्याने खाली ठेवली. “आणि लीगने चालवून घेतलं?”

“घेतलं. मग बायकांची टीम विकली. तीही घरच्याच मूळ कंपनीला.”

“दाजी,” त्याचा आवाज भरून आला, “हा खेळ एवढा चांगला आहे हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?”

पुढे युरोपच्या फुटबॉल संस्थेने, युएफाने, हे हिशोब धरले नाहीत आणि चेल्सीला 3 कोटी 10 लाख युरोंचा दंड लावला, तेव्हा तो दोन दिवस हळहळत होता. खेळाडूशी साडेआठ वर्षांचा करार करून त्याची किंमत तेवढ्या वर्षांवर पसरवायची, ही चेल्सीची युक्ती तर त्याने वहीत उतरवून घेतली. युएफाने ती मर्यादा 5 वर्षांवर आणली म्हटल्यावर म्हणाला, “चांगलं काही टिकू देत नाहीत.”

क्रिस्टल पॅलेसच्या बाबतीत मात्र आमचं वाजलं. बिचाऱ्यांनी 2025 मध्ये मँचेस्टर सिटीला हरवून एफए कप जिंकला, आयुष्यातला पहिला मोठा चषक. युरोपा लीगचं तिकीट पक्कं. तर म्हणे तुमच्या एका मालकाचा त्याच स्पर्धेतल्या फ्रान्सच्या ल्यों क्लबमध्येही हिस्सा आहे, आणि तो निस्तरायची मुदत 1 मार्चला संपली. त्या दिवशी पॅलेसवाले पाचव्या फेरीत मिलवॉलशी खेळत होते! युरोपात जाऊ हे त्यांना तरी कुठे ठाऊक? टाकलं खालच्या कॉन्फरन्स लीगमध्ये.

“रिटर्नची 31 जुलै म्हणजे 31 जुलै,” मेव्हणा म्हणाला. “माझे अशील पण असेच रडतात.”

तुर्कस्तानात फेडरेशनने तपासलं तर 571 रेफऱ्यांपैकी 371 जणांची बेटिंगची खाती निघाली. त्यातल्या एकाने 18,227 वेळा पैसे लावलेले. हा शिट्टी कधी वाजवायचा?

या सगळ्यात लिव्हरपूल शहरातल्याच, आमच्या शेजारच्या एव्हर्टनचे खर्चाच्या मर्यादेवरून 10 गुण कापले तेव्हा मला जरा बरं वाटलं होतं, खोटं का बोला. अपिलात 4 परत मिळाले, मग दुसऱ्या प्रकरणात आणखी 2 गेले. गुणतक्ता हल्ली पेन्सिलने लिहावा. आणि मँचेस्टर सिटीचं प्रकरण म्हणजे बांधाचा दावा. आजोबांनी लावायचा, नातवाने चालवायचा. फेब्रुवारी 2023 मध्ये प्रीमियर लीगने पैशांचे नियम मोडल्याचे आरोप ठेवले, ते 115 म्हणून गाजले. सिटी म्हणते, आम्ही काही केलेलं नाही. सुनावणी सप्टेंबर ते डिसेंबर 2024 झाली. 2025 सरत आलं तरी निकाल नव्हता.

पैशांचे मुख्य आरोप 2009 ते 2018 या काळातले. माझा जीव अडकलाय 2014 मध्ये. त्या वर्षी आम्ही लीग जिंकणार होतो, तोच चेल्सीविरुद्ध आमच्या कप्तानाचा, गेरार्डचा, पाय घसरला. शेवटी सिटी 86, आम्ही 84. समजा, उद्या सिटीविरुद्ध निकाल लागला आणि समजा, गुण कापले, तर ती लीग आमची का? आता पेढे वाटायचे का? गेरार्ड निवृत्त होऊन कोच झाला, त्याला कुरियरने पदक पाठवणार का? हे मी मेव्हण्याला अगदी कळवळून विचारलं.

त्याने मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला होता.

“2 गुण, 2014 पासून,” तो म्हणाला. “दाजी, व्याज सरळ धरायचं की चक्रवाढ?”