जरा 'ळ' दाखवा

देवनागरीचा नवा फॉन्ट करणाऱ्याला दोनच गोष्टींची धास्ती असते. एक, फाइल उडण्याची. दोन, फाइल दुसऱ्या फॉन्टवाल्याला दाखवण्याची. पहिलीवर बॅकअप हा उतारा निघाला आहे. दुसरीवर नाही, म्हणून कित्येक देखणे फॉन्ट हार्डडिस्कमध्येच म्हातारे होतात.

आमची जमात एरवी प्रेमळ आहे. चहा पाजते, सॉफ्टवेअरच्या खोडी सांगते, कुणी पैसे बुडवले तर त्याच्या नावाने बोटंही मोडते. पण पुढ्यात कुणाची अक्षरं आली, की तिची वरपक्षाकडची आत्याबाई होते. अख्खं पान छान उतरलं असेल, ते तिला दिसत नाही. "बरं आहे. जरा 'ळ' दाखवा." 'ळ' मागण्यात डाव असतो. क, ग, म, न यांना उभा दांडा आहे, म्हणजे टेकू आहे. 'ळ' बिचारा शेजारीशेजारी दोन गोळे घेऊन शिरोरेषेला लटकलेला. ते गोळे मोजून सारखे काढले तर डोळ्याला सारखे दिसत नाहीत, आणि डोळ्याला सारखे दिसतील असे काढले तर "मोजलेत का?" असं विचारणारा भेटतोच. यातूनही 'ळ' पास झाला, तर शेवटचं अस्त्र: "निर्णयसागरचा 'ळ' पाहिलाय का?" निर्णयसागर म्हणजे मुंबईचा जुना छापखाना. एकोणिसाव्या शतकात ओतलेल्या त्याच्या खिळ्यांपुढे, म्हणजे शिशाच्या अक्षरांपुढे, आपल्या लॅपटॉपवरच्या 'ळ'ने काय तोंड उघडावं!

या धसक्याने आम्ही ठरवतो, आधी सगळं निर्दोष करू, मग दाखवू. फसगत होते ती इथे. नुसती मराठी म्हटली तरी धड फॉन्टला ६०० ते ९०० आकार लागतात. स्वर, व्यंजनं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, शिवाय एकट्या ऱ्हस्व वेलांटीचे डझनभर अवतार, कारण तिच्या कमानीचं टोक पुढच्या अक्षराच्या दांड्यापर्यंत पोचावं लागतं. 'रि'ची कमान आखूड, 'क्षि'ची ऐसपैस. हे सगळं निर्दोष होईपर्यंत आपला चश्म्याचा नंबर दोनदा बदलतो. आणि गंमत अशी, की खरे दोष या आठशेंत नसतातच. शिरोरेषा किती जाड, दांडा तिच्या किती पट, अक्षराचं पोट किती मोकळं, हे पहिल्या दहा-बारा अक्षरांत ठरून जातं. तिथलं चुकलेलं माप पुढे आठशे आकारांत इमानेइतबारे उतरतं. मग आत्याबाई म्हणतात, "शिरोरेषा जड वाटते हो." त्यांचं बरोबर असतं. पण आठशे आकार पुन्हा उघडण्यापेक्षा आत्याबाईंशी भांडणं सोपं असतं, म्हणून माणूस भांडतो.

तेव्हा दाखवायचं ते बारा अक्षरांवर. माझी यादी अशी: क, ग, त, न, प, भ, म, र, ल, व, स, ळ. सोबत काना, दोन्ही वेलांट्या, एक मात्रा, अनुस्वार. एवढ्यावर भाकरी, मिसळ, रविवार, तळमळ, पावसाळी असे शब्द होतात, परिच्छेद भरतो. 'ळ' पहिल्याच यादीत असू द्या. मागणारच आहेत.

पडद्यावर दाखवू नका. पडद्यावर समोरचा झूम करतो, आणि ८०० टक्के झूमवर दोष न सापडणारा फॉन्टवाला अजून जन्माला यायचाय. साधा ए-फोर कागद, लेझर प्रिंट. वर ७२ पॉइंटात एक शब्द, खाली एकच परिच्छेद १४, १२, १० आणि ८ पॉइंटात. ८ पॉइंटाचा परिच्छेद फार बोलका. 'भ'च्या डोक्यावर शिरोरेषेत जी फट असते ती अरुंद पडली, तर टोनरने बुजते, 'भ'चा 'म' होतो आणि 'लाडके भाऊ' जागच्या जागी 'लाडके माऊ' होतात. अक्षरांमधली जागा फार आवळली तर 'र' आणि 'व' गळ्यात गळा घालून 'ख' होतात, आणि 'रवा लाडू'चा 'खा लाडू' होतो. (वाक्य म्हणून वाईट नाही, पण मिठाईवाला तक्रार करेल.)

कागदाच्या खाली आवृत्तीचा आकडा घाला: ०.१. काम अजून कच्चं आहे हे सांगणारा एवढासा आकडा समोर दिसला, की आत्याबाईंचाही आवाज थोडा उतरतो. आणि प्रश्न नेमका विचारा. "कसं वाटतंय?" म्हणजे संकटाला पत्ता दिल्यासारखं. "१० पॉइंटात शिरोरेषा जड होते का? 'स' आणि 'भ' यांचा काळेपणा सारखा आहे का?" एवढे दोनच. त्यावरही कुणी 'ल'वर घसरेल, घसरू द्या. मराठीत देठाचा 'श' आणि पाकळीचा 'ल' लागतो, सरकारने २००९ साली तसा निर्णयही काढला आहे. फॉन्टमध्ये हिंदी आणि मराठी दोन्ही रूपं ठेवता येतात. पण मजकुराची भाषा मराठी म्हणून लावलेली नसली, की हिंदी रूपं पानावर येतात आणि शिव्या आपल्याला पडतात. तपासणीच्या फाइलीत मराठी रूपंच मूळ म्हणून ठेवावीत. भांडण वाचतं.

जोडाक्षरं झाली की दुसरी फेरी. तिचे छळवादी शब्द ठरलेले: विद्यार्थ्यांनी, उद्ध्वस्त, दुसऱ्या, वऱ्हाड, राष्ट्र, हृदय, मूर्तींना. 'मूर्तींना'मध्ये वेलांटी, रफार आणि अनुस्वार या तिघांनाही त्याच 'त'च्या डोक्यावर जागा हवी असते. 'बँक' दोन्ही प्रकारे टाइप करून पाहा: एकदा चंद्रबिंदूने, एकदा चंद्र आणि अनुस्वार वेगवेगळे देऊन. दुसऱ्या प्रकारात टिंब चंद्रात न बसता शेजारी जाऊन उभं राहतं. ते तुम्हाला दिसणार नाही, कारण तुम्ही नेहमी पहिल्याच प्रकारे टाइप करता. आत्याबाई दुसऱ्या प्रकारे करतात. यासाठीच त्या हव्यात.

याच फेरीला फॉन्टची फाइल हातात द्यावी लागते, आणि निम्मी टीका फॉन्टवर नसून फाइलीवर होते. "वेलांटी अक्षराच्या मागे येतेय, जोडाक्षरं फुटताहेत!" असा खणखणीत निरोप आला, तर रडू नका. इनडिझाइन या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोजर (देवनागरी नीट जुळवणारी सोय) लावलाय का, ते विचारा. बहुतेकदा नसतो. "दुरुस्त केलेला रफार अजून तसाच आहे!" असं आलं, तर त्यांच्या संगणकाने जुनीच आवृत्ती धरून ठेवलेली असते. त्यावर इलाज एकच: तपासणीच्या प्रत्येक फाइलीला फॉन्टचं नावच नवं द्यायचं, आवृत्तीच्या आकड्यासकट. "शिरोरेषेत उभ्या रेघा दिसतात!" असं म्हणणारा हमखास फ्लेक्सवाला. अक्षरांमध्ये फट दिसू नये म्हणून शिरोरेषेची टोकं, अक्षर काढायच्या हजार एककांच्या चौकटीच्या मापाने, १०-२० एककं बाहेर काढून एकमेकांवर चढवलेली असतात. त्याने अक्षरांना पिवळी बॉर्डर दिलेली असते, तिच्यात ते चढवलेपण उघडं पडतं. अक्षरांचे आकार जोडून घे, मग बॉर्डर दे, एवढं सांगायचं. पिवळ्याबद्दल बोलायचं नाही.

उरलेल्या टीकेला माझी चाळणी सरळ आहे. दोन माणसांनी एकमेकांना न विचारता एकाच जागी बोट ठेवलं, तर ती जागा बिघडलेली आहे. उपाय मात्र दोघांचेही बहुधा चुकीचे असतात. "'ग'चा दांडा बारीक करा" म्हणजे प्रत्यक्षात 'ग' आणि काना यांच्यातली जागा कमी पडलेली असते. एकट्यानेच सांगितलेलं वहीत लिहायचं आणि पुढच्या प्रिंटपर्यंत हात लावायचा नाही. "आत्मा नाही" या शेऱ्यासाठी वहीत रकाना ठेवू नये.

एवढं सगळं होऊन तिसऱ्या-चौथ्या कागदावर आत्याबाई गप्प बसतात. ही पसंती असते. तोंडाने मिळत नाही. लगेच पुढचा प्रश्न: "बोल्ड कधी?" बोल्डमध्ये दांडे जाड करताना शिरोरेषा त्याच प्रमाणात जाड केली, तर 'क्ष', 'ध' आणि 'ह्य' यांची पोटं बुजतात, म्हणून ती थोडी हातचं राखूनच वाढवावी लागते. किती राखून, ते बारा अक्षरं काढून छापायचं आणि आत्याबाईंकडे न्यायचं.