कार्नेची हद्द कुठे संपत होती?

सत्तरच्या दशकात युरोपातून आखातात माल नेणाऱ्या ट्रकचालकांच्या आठवणी लेखात उत्तम उतरल्या आहेत. मात्र ‘टीआयआर कार्ने हाती असले की थेट सौदीपर्यंत कोणी सील तोडत नसे’ हे विधान मला पटले नाही. कार्ने म्हणजे आंतरराष्ट्रीय ट्रकवाहतुकीच्या टीआयआर करारानुसार मिळणारा जकातीचा दस्तऐवज. वाटेतल्या देशांच्या जकातीची हमी देणे हे त्याचे मुख्य काम होते, आणि त्या हमीमुळे सीलबंद माल सहसा न उघडता, अनामत न भरता पुढे जात असे. ही सोय करारातील देशांपुरतीच होती. तुर्कस्तानात ती चाले. पण इराक २०२३ मध्ये आणि सौदी अरेबिया २०१८ मध्ये या करारात सामील झाला, म्हणजे लेखातील चालकांनी निवृत्ती घेतल्यानंतर कित्येक वर्षांनी.

त्या काळात मी आखातातील एका आयातदाराकडे गोदामाचे हिशेब पाहत असे. आमच्याकडे येणाऱ्या ट्रकचे सील सरहद्दीवर तुटलेले असे, खोकी उतरवून पुन्हा कशीबशी भरलेली असत आणि फुटलेल्या मालाचा जाब (अन्यायानेच) चालकाला विचारला जाई. शिवाय कार्नेने जकातीचा प्रश्न सुटला तरी रस्ता वापरण्याचा परवाना वेगळा लागे, आणि अनेक देशांत असे परवाने मोजकेच निघत. ते संपले की कागदपत्रे कितीही चोख असली तरी गाडी हलत नसे. लेखात या परवान्यांचा उल्लेखच नाही.